तीच गोळी: आईला त्याच दिवशी, शेजारच्या काकांना नवव्या दिवशी

हे आपल्या या भागाचं लिखित रूप. ज्यांना कानात इअरफोन घालून ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी. बोललो तसंच ठेवलंय, फक्त "म्हणजे", "ॲक्च्युअली" थोडे कमी केलेत.

मी मूळचा गोरेगावचा. मुंबईचं नाही हो, हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं गोरेगाव. पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, बीटेक केलंय. डॉक्टर नाही. त्यामुळे आज जे सांगणार आहे ते ऐकून कोणी स्वतःच्या मनाने औषध घेऊ नका. उलट, तसं का घ्यायचं नाही हाच आजचा विषय आहे.

मार्च २०२४. आमच्याकडे हळद शिजवायचे दिवस. आई दोन दिवस कुकरच्या वाफेपाशीच होती, संध्याकाळी गार वाऱ्यात घरी यायची. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना चहा ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून खाली ओघळला. तिला वाटलं कप नीट धरला नाही. मग चूळ भरली तर पाणी तिकडूनच बाहेर. आरशात बघितलं तर तोंड डावीकडे ओढलेलं, उजवा डोळा मिटतच नाही.

शेजारच्या आजी म्हणाल्या, "वारं गेलं गं हिच्या तोंडावरून. गरम अंगाला गार वारं लागलं." कोणी म्हणालं लकवा. कोणी सांगितलं पारव्याचं रक्त लावा. कोणी एका गावचं नाव सांगितलं, तिथे पाल्याचं औषध मिळतं, पथ्य पाळायचं, सात दिवसांत फरक. बाबा तिथे घेऊन गेले. मी बाबांना दोष देत नाही. त्यांना जे माहीत होतं ते त्यांनी लगेच केलं.

दोष माझा आहे. दुसऱ्या दिवशी रात्री बाबांचा फोन आला होता. "तुझ्या आईचं तोंड जरा वाकडं झालंय, औषध चालू आहे." माझ्याकडे त्या आठवड्यात रिलीज होता. मी म्हणालो, "बरं, काळजी घ्या, रविवारी बोलतो." एवढंच. ज्या माणसाला सर्व्हर डाऊन झाल्यावर रात्री दोनला उठून लॉग बघायची सवय आहे, त्याने आईच्या तोंडाबद्दल एक प्रश्न विचारला नाही. व्हिडिओ कॉल लावला नाही. आईनेही लावू दिला नसता म्हणा, ती पदर तोंडावर धरून बसली होती.

चौथ्या दिवशी डोळा लाल झाला, तेव्हा तिला हिंगोलीला आणि तिथून नांदेडला नेलं. मी पुण्याहून रात्रीच्या गाडीने पोचलो.

तिथे न्यूरोच्या डॉक्टरांनी काय केलं ते नीट ऐका, कारण ते आपल्या सगळ्यांना बघता येण्यासारखं आहे. आधी म्हणाल्या, "मावशी, भुवया वर करा. कपाळाला आठ्या पाडा." डाव्या बाजूला आठ्या पडल्या, उजवं कपाळ सपाट. "डोळे गच्च मिटा." उजवी पापणी अर्धी खाली आली आणि डोळा आत वर फिरला, नुसतं पांढरं दिसलं. "दात दाखवा. गाल फुगवा." मग दोन्ही हात समोर धरायला लावले, चालायला लावलं, बोलायला लावलं. कानात बॅटरी टाकून बघितलं, फोड आहेत का. शुगर आणि बीपी तपासलं. मग म्हणाल्या, "हा मेंदूतला झटका नाही. चेहऱ्याच्या नसेला सूज आलीय. याला बेल्स पाल्सी म्हणतात."

हे नाव आमच्या घरात तेव्हा आलं. महाराष्ट्रात घरोघरी ते आलं फेब्रुवारी २०२५ मध्ये. आपल्या मराठवाड्याचेच, परळीचे, तेव्हाचे मंत्री धनंजय मुंडे यांनी स्वतः जाहीर केलं की त्यांना बेल्स पाल्सी झालाय आणि सलग दोन मिनिटंसुद्धा नीट बोलता येत नाही. तेव्हा आमच्या गल्लीतल्या लोकांनी आईला येऊन सांगितलं, "तुमचाच आजार मंत्र्याला झाला बघा."

आता हे नसेचं प्रकरण काय आहे? मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या १२ जोड्या असतात. त्यांना क्रेनियल नर्व्ह म्हणतात. वास, नजर, डोळा फिरवणं, चेहरा हलवणं, ऐकणं, गिळणं ही सगळी कामं त्यांच्याकडे. यातली सातवी नस चेहरा हलवते. ही नस कानाजवळच्या हाडातल्या बोगद्यातून येते आणि त्या बोगद्याची सगळ्यात अरुंद जागा एक मिलीमीटरपेक्षाही कमी आहे. भिंतीतल्या पाईपमधून वायर जाते तसं समजा. वायर फुगली तर पाईप काही मोठा होत नाही. वायर दबते. नसेला सूज आली की ती स्वतःच्याच बोगद्यात चेपली जाते आणि चेहऱ्यापर्यंत निरोप जात नाही.

ही सूज कॅन्सरची नाही. गाठ वाढत जाते असंही नाही. डॉक्टरांच्या भाषेत ती सौम्य. पण सौम्य याचा अर्थ बिनमहत्त्वाची असा नाही. डोळा मिटत नाही म्हणजे बुबुळ कोरडं पडतं, जखम होते, नजर जाऊ शकते. आईचा डोळा लाल झाला तो याचमुळे. चार दिवस कोणी त्या डोळ्यात साधा थेंब टाकला नव्हता.

हा आजार किती जणांना होतो? जगभरच्या अभ्यासांत साधारण एक लाख लोकांमागे वर्षाला २० ते ३० जणांना. आपल्या हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ११ लाख ७७ हजार होती. गुणाकार करा. एकट्या आपल्या जिल्ह्यात वर्षाला अडीचशे-तीनशेच्या आसपास माणसं असा चहा सांडत असणार. म्हणजे हे काही दुर्मिळ नाही. डायबेटिस असलेल्यांना आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत बायकांना याचा धोका जास्त.

मग उपचार काय? स्टिरॉइडच्या गोळ्या. प्रेडनिसोलोन. स्कॉटलंडमध्ये ५५१ रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला, २००७ साली प्रसिद्ध झाला. तोंड वाकडं झाल्यापासून ७२ तासांच्या आत ज्यांना १० दिवस प्रेडनिसोलोन सुरू केलं, त्यातले सुमारे ९४ टक्के नऊ महिन्यांनी पूर्ण बरे होते. ज्यांना हे औषध नव्हतं त्यातले सुमारे ८२ टक्के. विषाणूवरचं औषध, असायक्लोविर, एकट्याने काही उपयोगाचं ठरलं नाही.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचा. औषधाशिवायसुद्धा बहुतेक लोक बरे होतात. म्हणूनच पाल्याचं औषध देणाऱ्याचं नाव चालतं. दहातले सात-आठ आपोआप बरे होणार आणि गावभर सांगणार की अमक्याच्या औषधाने गुण आला. राहिलेले दोन-तीन कोणाला सांगत नाहीत, पदर धरून घरात बसतात. तुमचा माणूस त्या दोन-तिनांत असेल की नाही हे पहिल्या दिवशी कोणालाच कळत नाही. म्हणून ते ७२ तास.

आणि आम्ही आलो होतो चौथ्या दिवशी. डॉक्टरांनी गोळ्या त्याच दिवशी सुरू केल्या, पण स्पष्ट सांगितलं, "तीन दिवसांच्या आत आला असता तर मी जास्त खात्रीने बोलले असते." आवाज चढवला नाही. तरी मला बाबांकडे बघवलं नाही, आणि रिलीजचं तर नाव काढवलं नाही. सोबत डोळ्यात दिवसा थेंब, रात्री मलम लावून पापणी टेपने बंद करायची.

आता दुसरी गोष्ट. ओपीडीबाहेरच्या बाकावर आमच्या शेजारी एक काका बसले होते. वसमतकडचे शेतकरी, सोबत माझ्याच वयाचा मुलगा. काकांचं तोंड सरळ होतं, पण डावी पापणी पूर्ण पडलेली. बोटाने वर उचलली तर डोळा बाहेरच्या बाजूला अडकलेला, आणि समोरचा एक माणूस दोन दिसायचा. डोळ्याच्या मागे इतकं दुखायचं की डोकं भिंतीला टेकवून बसायचे. दहा दिवसांपासून. त्यांना जुना डायबेटिस.

मुलगा वैतागला होता. मला म्हणाला, "तुमच्या आईला आल्या आल्या गोळी दिली. आमचे बाबा चार दिवसांपासून ॲडमिट आहेत, नुसत्या तपासण्या चालू आहेत. नसेलाच सूज आहे म्हणतात ना? मग तीच गोळी द्यायला काय होतंय?"

मलाही त्या दिवशी त्याचंच खरं वाटलं. उत्तर नंतर कळलं, आणि ते उत्तर म्हणजेच आजचा भाग.

डोळ्याच्या मागे, कवटीच्या तळाशी, कॅव्हर्नस सायनस नावाची छोटी जागा आहे. मेंदूला रक्त नेणारी मोठी वाहिनी तिथून जाते. डोळा फिरवणारी तिसरी, चौथी आणि सहावी नस तिथूनच जाते, पापणी उचलणं हेही तिसरीचंच काम. कपाळाची संवेदना नेणारी पाचव्या नसेची फांदीही तिथेच. हिंगोलीच्या बसस्टँडसारखं समजा, सगळ्या गाड्या एकाच फाटकातून. तिथे सूज आली की डोळा दुखतो, पापणी पडते, दोन-दोन दिसतं.

अशी निव्वळ सूज असू शकते, आणि तिला नाव आहे: टोलोसा-हंट सिंड्रोम. बार्सिलोनाचे न्यूरोसर्जन एदुआर्दो टोलोसा यांनी १९५४ मध्ये एक रुग्ण नोंदवला. १९६१ मध्ये अमेरिकेत विल्यम हंट आणि सहकाऱ्यांनी असे सहा रुग्ण मांडले. १९६६ पासून दोघांचं नाव जोडलं गेलं. गायक जस्टिन बीबरचा अर्धा चेहरा २०२२ मध्ये बंद पडला होता, आठवतंय? त्याने रॅम्सी हंट सिंड्रोम सांगितला होता. तो हंट वेगळा. तो कांजिण्यांच्या विषाणूमुळे होतो, कानात फोड येतात. आईच्या कानात बॅटरी टाकून तेच बघितलं होतं.

तर टोलोसा-हंट. स्टिरॉइड दिलं की यातलं दुखणं दोन-तीन दिवसांत विरघळतं. मग देऊन टाका ना! इथेच खरी गोम आहे. बेल्स पाल्सी इतकी नेहमीची आहे आणि तिचं चित्र इतकं ठरलेलं आहे की अनुभवी डॉक्टर बघून ओळखतात. टोलोसा-हंट मात्र फार दुर्मिळ, दहा लाखांत वर्षाला एखादा. त्याच जागी, तशीच लक्षणं देणारे दुसरे आजार त्याहून कितीतरी नेहमीचे आहेत, आणि जिवावरचे आहेत.

टीबी. आपल्या देशात तो आधी बघावाच लागतो. रक्तवाहिनीला आलेला फुगा, जो फुटू शकतो. लिम्फोमा नावाचा कॅन्सर. पिट्युटरी ग्रंथीची गाठ. आणि डायबेटिस असलेल्या माणसात म्युकरमायकोसिस.

म्युकर आपल्याला सांगायला नको. २०२१ चा मे महिना आठवा. काळी बुरशी. महाराष्ट्रात हजारो रुग्ण. त्या मे महिन्यात केंद्राने राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली नोंद करायचा आजार म्हणून जाहीर करायला सांगितलं. गाल सुजणं, नाकातून काळं येणं, पापणी पडणं, डोळा दुखणं. कित्येकांचे डोळे काढावे लागले. आणि ती बुरशी इतकी का पसरली? कोविड, वाढलेली शुगर आणि स्टिरॉइड. स्टिरॉइड शरीराची राखण कमी करतं आणि शुगर वाढवतं. बुरशीला दोन्ही हवंच असतं.

आता त्या काकांकडे बघा. डायबेटिस, डोळा दुखतोय, पापणी पडलीय. सूज असेल तर स्टिरॉइड म्हणजे औषध. बुरशी असेल तर तीच गोळी म्हणजे खत. म्हणून चार दिवस "नुसत्या तपासण्या" चालू होत्या: इंजेक्शन देऊन काढलेला एमआरआय, रक्तवाहिन्यांचं चित्र, नाकात दुर्बीण घालून बुरशी बघणं, छातीचा एक्स-रे, टीबीच्या तपासण्या, पाठीतलं पाणी. प्रत्येक तपासणी एकेक आजार बाद करत होती. सगळे बाद झाल्यावर जे उरलं ते टोलोसा-हंट.

मला हे समजलं ते माझ्या कामामुळे. प्रॉडक्शनमध्ये काहीतरी अडकलं की ज्युनिअर पोरगा आधी काय करतो? सर्व्हर रिस्टार्ट. चालू होतं, सगळे खूश. पण बग गेला का? आणि त्या रिस्टार्टमध्ये लॉग पुसले गेले तर? स्टिरॉइडचं तसंच आहे. लिम्फोमाची गाठसुद्धा स्टिरॉइडने काही दिवस आकसते, दुखणं कमी होतं. मग बायोप्सीत काही सापडत नाही, आणि काही महिन्यांनी ती परत उभी राहते. म्हणून "गोळीने बरं वाटलं, म्हणजे निदान बरोबर" असं धरता येत नाही. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात पूर्वी टोलोसा-हंटसाठी "७२ तासांत स्टिरॉइडने आराम" ही अट होती. आताच्या, २०१८ च्या, आवृत्तीत ती नाही. एमआरआय किंवा बायोप्सीत सूज दिसली पाहिजे आणि दुसरं काही कारण नाही असं ठरलं पाहिजे.

काकांना नवव्या दिवशी गोळ्या सुरू झाल्या. मुलाचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला, "दोन दिवसांत दुखणं गेलं. काल रात्री बाबा झोपले." पापणी उघडायला आणि डोळा सरळ व्हायला काही आठवडे लागले. गोळ्या एकदम बंद न करता हळूहळू कमी केल्या, त्या काळात शुगरसाठी इन्सुलिन द्यावं लागलं. काही महिन्यांनी पुन्हा एमआरआय, कारण हा आजार बऱ्याच जणांना परत होतो आणि निदान चुकलं असेल तर तेही तेव्हाच उघडं पडतं. मुलाने नंतर एक ओळ पाठवली होती: "बरं झालं आम्ही भांडून डिस्चार्ज घेतला नाही."

तर दोन माणसं, एकाच बाकावर, दोघांच्याही नसेला सूज, औषधही एकच. एकीकडे उशीर केला म्हणून नुकसान, दुसरीकडे घाई केली असती तर नुकसान. कोणती केस कोणती, हे बाकावर बसून, गुगल करून किंवा मेडिकलवाल्याला विचारून ठरत नाही. डॉक्टरने बघून ठरतं. आपलं काम त्या माणसाला वेळेत डॉक्टरसमोर नेऊन बसवणं.

आता घरच्या ग्रुपवर टाकता येईल असं थोडक्यात सांगतो.

एक. तोंड अचानक वाकडं झालं की झटका समजूनच धावायचं, १०८ लावायचा. हात-पाय लुळा पडला, बोबडं बोलतोय, तोल जातोय, तर एक मिनिट घालवायचा नाही. झटक्यात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांतच देता येतं. कपाळाला आठ्या पडत असतील आणि फक्त खालचा चेहरा वाकडा असेल तर झटक्याचा संशय जास्त. कारण कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून निरोप येतात, एक बाजू बंद पडली तरी दुसरी सांभाळते. पण आठ्या पडत नाहीत म्हणून झटका नाहीच, असं घरी ठरवू नका. काही झटक्यांत कपाळही जातं.

दोन. बेल्स पाल्सी निघाली तर ७२ तासांच्या आत उपचार सुरू व्हायला हवेत. आणि पहिल्या तासापासून डोळा जपायचा.

तीन. डोळा दुखून पापणी पडली, दोन दिसायला लागलं, तर डोळ्याचा नंबर वाढला असेल म्हणून चष्म्याच्या दुकानात जायचं नाही. बाहुली मोठी झालेली दिसली किंवा अचानक प्रचंड डोकं दुखलं तर ती इमर्जन्सी आहे. शुगर असलेल्या माणसाचं नाक, गाल, टाळू बघा, काळं काही दिसतंय का.

चार. मेडिकलमधून स्टिरॉइड स्वतःच्या मनाने आणायचं नाही. चालू असलेलं मध्येच बंद करायचं नाही. डायबेटिस आहे, टीबी होऊन गेलाय, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपण सांगायचं.

पाच. बेल्स पाल्सी म्हणून सांगितलं आणि तीन-चार महिन्यांत काहीच फरक नाही, किंवा हळूहळू वाढतंच चाललंय, किंवा दोन्ही बाजू गेल्या, तर परत जायचं आणि स्कॅनबद्दल विचारायचं.

आईचं काय झालं ते सांगतो. तिसऱ्या आठवड्यात ओठाचा कोपरा हलायला लागला. चौथ्या महिन्यात डोळा मिटायला लागला. चेहरा आज जवळजवळ सरळ आहे, फोटोत कळत नाही. पण पूर्ण नाही. जेवायला बसली की उजव्या डोळ्यातून पाणी वाहतं. नस परत वाढताना काही तंतू चुकीच्या ठिकाणी जोडले गेलेत. लाळेसाठी निघालेला निरोप अश्रूच्या ग्रंथीला पोचतो. डॉक्टर म्हणाल्या, असं होतं काही जणांना. तीन दिवस आधी गेलो असतो तर झालं नसतं का, हे मी विचारलं. त्या म्हणाल्या, नक्की कोणीच सांगू शकत नाही. मला ते उत्तर अजून पचलेलं नाही.

परवा गावी गेलो होतो. आईने पिठलं-भाकरी केली होती. जेवताना पदराने डोळा पुसला तर लहान भाची म्हणाली, "आजी रडतेय." आई म्हणाली, "रडत नाही गं, मिरची झालीय जास्त." माझ्याकडे बघितलं नाही.

तेव्हापासून रिलीज असो काही असो, घरून फोन आला आणि "जरा" हा शब्द ऐकला की मी व्हिडिओ कॉल लावतो. जरा दुखतंय, जरा वाकडं झालंय, जरा दोन दिसतंय. आपल्याकडची माणसं मोठं दुखणं "जरा" म्हणूनच सांगतात. तुम्हीही विचारत जा. "भुवया वर कर बरं" एवढं म्हणायला दहा सेकंद लागतात.

हा भाग आवडला म्हणून नाही, पण उपयोगाचा वाटला तर गावाकडच्या ग्रुपवर पाठवा. पुढच्या आठवड्यात भेटू. काळजी घ्या.